नोंदवहीतली नाणी आणि नोंद नसलेली खाती

गेल्या पावसाळ्यात एका लिलावगृहाकडून मला ई-मेल आला. नोंदणी केलेल्या बोलीदारांची काही माहिती बाहेरच्या कोणाच्या हाती लागली असण्याची शक्यता असून सर्वांनी आपले पासवर्ड तातडीने बदलावेत, एवढेच त्यात लिहिले होते. अशा पत्रांची भाषा इतकी गुळगुळीत असते की नेमके काय गेले आणि किती गेले हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. एखाद्या कपड्यांच्या दुकानाने असे कळवले असते, तर पासवर्ड बदलून मी तो विषय संपवला असता. येथे मात्र गोष्ट निराळी होती. बोली लावण्यासाठी या मंडळींना नाव, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि पॅन एवढे सगळे द्यावे लागते, आणि त्या खात्यात मी आजवर घेतलेल्या प्रत्येक लॉटची यादी किमतीसह असते. पत्ता आणि ही यादी ज्याच्या हाती एकत्र पडेल, त्याला कोणत्या घरात काय ठेवलेले आहे हे विचारत फिरण्याची गरज उरत नाही.

मी मराठेशाहीतील तांब्याची नाणी जमवतो आणि जोडीला स्वतंत्र भारताची रोजच्या चलनातली नाणीही. पहिला प्रकार थोडा खर्चिक आहे, दुसरा जवळजवळ फुकट. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, पाडल्या जाऊ लागलेल्या शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, आणि पुढच्या काळातही ही नाणी निरनिराळ्या ठिकाणी पाडली जात राहिली. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे कोठे ‘शिव’ असते, कोठे ‘सिव’. कोठे बिंदूंचे वलय पूर्ण उमटलेले असते, तर कोठे ते अर्धे चकतीबाहेर गेलेले असते. वरवर पाहता सारखीच दिसणारी अशी दहा नाणी समोर ठेवून त्यांतील दहा फरक शोधण्यात माझा रविवार आनंदाने जातो. चलनी नाण्यांचेही तेच. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, हे एकदा कळले की भाजीवाल्याने परत दिलेली मोडही उलटसुलट करून पाहिल्याशिवाय खिशात टाकवत नाही.

लोक वस्तू का जमवतात, असे मला अनेकदा विचारले जाते, आणि विचारण्याच्या सुरात थोडी कीवही असते. पैशासाठी, हे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत खोटे आहे. या छंदात घातलेली रक्कम बाहेर काढणारे फार थोडे. माझे उत्तर असे की, अवाढव्य जगातला एक लहानसा तुकडा तरी आपल्या पूर्ण ओळखीचा असावा, अशी माणसाची भूक असते. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर, ते कोठून आणि कधी आले, काय किमतीला आले, आधी कोणाकडे होते, आणि आता ते कोणत्या अल्बमच्या कोणत्या पानावर आहे हे लिहिलेले असते. रिकामा खणही नोंदलेला असतो. किंबहुना संग्राहकाला भरलेल्या खणांपेक्षा तो रिकामा खणच जास्त छळतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलेल्या माणसाला हे चटकन पटते. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभ्या केलेल्या त्या संग्रहात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, फण्या आहेत, म्हणजे घराघरांत पडून असलेल्या आणि कोणी लक्ष देऊन न पाहिलेल्या वस्तू आहेत. त्या एकत्र मांडल्या, एकीशेजारी दुसरी ठेवली, की प्रत्येक अडकित्ता वेगळा दिसू लागतो. जमवण्याचे खरे सुख या वेगळेपणाच्या ओळखीत आहे, असे मला वाटते.

आता माझ्या ऑनलाइन खात्यांकडे पाहू. तीही जमलेलीच होती, पण मी ती जमवली नव्हती. लिलावगृहाच्या त्या पत्रानंतर माझी अशी किती खाती आहेत आणि कोठे कोणता पासवर्ड आहे हे पाहायला बसलो, तेव्हा मला साधा अंदाजही करता येईना. अर्ध्या आण्याचे नाणे कोणत्या पानावर आहे हे झोपेतून उठवूनही सांगू शकणाऱ्या माणसाला स्वतःचा पॅन किती ठिकाणी पडला आहे हे सांगता येत नव्हते. म्हणून ठरवले की नाण्यांची जशी नोंदवही आहे तशीच खात्यांची करायची, आणि तीही त्याच शिस्तीने.

यादी करण्याचे काम कंटाळवाणे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते पुण्याच्या जुन्या बाजारात फिरण्याइतके रंगले. पहिला खजिना ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांचा. दुसरा ई-मेलच्या पेटीचा: ‘स्वागत’, ‘पडताळणी’ आणि ‘पासवर्ड बदला’ या अर्थाचे इंग्रजी शब्द शोधले की वर्षानुवर्षांची विस्मरणात गेलेली खाती वर येतात. तिसरी जागा फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ‘गूगलने प्रवेश करा’ असे बटण दाबून आपण ज्या ज्या ठिकाणी शिरलेलो असतो, त्यांची यादी गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये एका पानावर असते. तेथे मला एक फोटो कापण्याचे अॅप, एक पंचांग, दोन नाण्यांच्या किमती सांगणारी स्थळे आणि कशासाठी घेतले होते तेच आठवू नये असे बरेच काही सापडले. चौथी जागा बँकेचे विवरणपत्र. वर्षातून एकदा कापली जाणारी वर्गणी तेथेच दिसते.

प्रत्येक खात्यापुढे मी रकाने आखले: कोणता ई-मेल दिला आहे, कोणता मोबाइल क्रमांक दिला आहे, आत काय आहे, दुसऱ्या टप्प्याची (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एका संकेतांकाची) पडताळणी आहे का, आणि हे खाते हाती लागले तर त्यातून पुढे कोणते खाते उघडता येईल. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. नाणी एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एक हरवले म्हणून दुसरे हरवत नाही. खाती एकमेकांना बांधलेली असतात. लिलावगृहाचा पासवर्ड विसरलो तर नवा पासवर्ड ई-मेलवर येतो, ई-मेलचा विसरलो तर मोबाइलवर, आणि मोबाइल क्रमांक ज्याच्या सिमकार्डात तो सर्वांचा मालक. हे बाण कागदावर काढल्यावर बहुतेक सगळे दोनच ठिकाणी जाऊन पोचत होते, आणि कामाचा क्रम तेथेच ठरला: आधी ई-मेल, मग मोबाइल, मग बँक, मग लिलावगृहे, आणि बाकीचे सवडीने.

याच टप्प्यावर एक जुना मोबाइल क्रमांक सापडला. तो मी केव्हाच बंद केला होता, पण दोन-तीन खात्यांना तो अजून जोडलेला होता. बंद केलेला क्रमांक कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला देतात, म्हणजे माझ्या त्या खात्यांचे ओटीपी आता कोणा अनोळखी गृहस्थाच्या फोनवर जाऊ शकत होते. ते गृहस्थ सज्जन असतीलही, पण पासवर्ड बदलण्याआधी मी क्रमांक बदलले.

ई-मेलचा पासवर्ड ठरवताना मी फासे वापरले. आमच्या नाणेसंग्राहक मंडळींच्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या छंदिष्टांचे पासवर्ड ओळखणे फारसे कठीण जाऊ नये: ‘शिवराई’ आणि पुढे १६७४, ‘रुपया’ आणि पुढे जन्मसाल, किंवा ज्या नाण्यामागे तो माणूस दहा वर्षे धावतो आहे त्या नाण्याचेच नाव. माणसाला मनाशी आलेला शब्द हा त्याच्या आवडीतूनच येतो, आणि आवड तर आम्ही गावभर सांगत असतो. फाशाला आवडनिवड नसते. पाच फासे एकदा टाकले की ७,७७६ शक्यतांपैकी एक निवडली जाते, आणि तेवढ्या शब्दांच्या तयार इंग्रजी याद्या मिळतात. अशा सहा शब्दांची साखळी यंत्राच्या अंदाजपंचे प्रयत्नांना पुरून उरते. मी एका छोट्या मराठी शब्दकोशाची पाने फाशांच्या आकड्यांनी उघडत गेलो आणि मिळालेले शब्द रोमन लिपीत लिहिले, कारण देवनागरीचा कळफलक परक्या संगणकावर मिळेलच असे नाही. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या त्या सहा शब्दांतून एक विक्षिप्त चित्र तयार होते आणि ते विसरता येत नाही. प्रसिद्ध अभंगाचे चरण किंवा म्हणी घेण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. जे पुस्तकात छापलेले आहे ते पासवर्ड फोडणाऱ्यांच्या शब्दसंग्रहातही असू शकते.

बाकीचे पासवर्ड मी लक्षात ठेवण्याचा प्रश्नच ठेवला नाही. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी ही दोन्ही पासवर्ड सांभाळणारी साधने मी वापरून पाहिली. कीपासएक्ससीची तिजोरी म्हणजे आपल्याच संगणकावरची एक कुलूपबंद फाइल. ती कोणाच्या सर्व्हरवर जात नाही, हे मला मनापासून आवडले. पण घरात पत्नीचा फोन, माझा फोन आणि मुलीचा लॅपटॉप असल्यामुळे त्या फाइलीच्या प्रती जुळवत बसण्याचे काम वाढले असते, म्हणून शेवटी बिटवॉर्डन ठेवले. प्रत्येक खात्याला यंत्राने तयार केलेला वीस अक्षरांचा वेगळा पासवर्ड दिला. पूर्वी अनेक ठिकाणी विचारून ठेवलेले ‘तुमचा आवडता छंद कोणता’ यासारखे सुरक्षाप्रश्नही याच वेळी निकालात काढले; माझा छंद माझ्या सोसायटीच्या रखवालदारालाही ठाऊक आहे. आता त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक निरर्थक अक्षरमाला दिली आहे आणि तीही त्याच तिजोरीत नोंदली आहे.

कोणते पासवर्ड आधीच फुटलेले आहेत हे पाहण्यासाठी ‘हॅव आय बीन पोन्ड’ या स्थळाचा उपयोग झाला. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ते २०१३ मध्ये सुरू केले. आपला ई-मेल टाकला की तो आजवर कोणकोणत्या गळतींत सापडला आहे हे कळते. पासवर्ड तपासण्याची सोयही तेथे आहे, आणि तेथे माझे मन प्रथम कचरले, कारण पासवर्ड सुरक्षित आहे का हे विचारण्यासाठी तो परक्याला सांगायचा हे विचित्रच. पण तिची रचना हुशारीची आहे. आपल्या पासवर्डपासून गणिताने एक लांबलचक सांकेतिक ठसा तयार होतो, त्याची फक्त पहिली पाच अक्षरे त्या स्थळाकडे जातात, तेथून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व फुटलेल्या ठशांचे शेष भाग परत येतात, आणि जुळणी आपल्याच यंत्रावर होते. पासवर्ड बाहेर पडतच नाही. ठशाच्या तुकड्यावरून नाणे ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला ही युक्ती फार भावली, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आपल्याकडे ओटीपी म्हटले की एसएमएस डोळ्यांपुढे येतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो निश्चितच चांगला; पण तो सिमकार्डाशी बांधलेला असतो, आणि खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिम मिळवण्याचे प्रकार होतात. सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येऊ नये, असा नियम ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने १ जुलै २०२४ पासून लागू केला तो याचसाठी. फोनवरच्या ऑथेंटिकेटर अॅपचे तंत्र वेगळे असते. सुरुवातीला चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते, आणि पुढे ती किल्ली व घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी क्रमांक तयार होतो. त्याला सिम लागत नाही, नेटवर्क लागत नाही. कोकणातल्या आमच्या गावी, जेथे एसएमएस माडावर चढून घ्यावा लागेल अशी स्थिती आहे, तेथेही तो चालतो. फोन हरवला तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच शोधून ठेवावे लागते. गूगल अशा प्रसंगासाठी आठ आकडी दहा संकेतांक देते आणि प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. ते मी छापून घेतले आणि बँकेच्या लॉकरमध्ये, शिवराई नाण्यांच्या पाकिटांशेजारी ठेवले. संग्राहकाकडे निदान एक सुरक्षित जागा आधीपासून असते, हा या छंदाचा अनपेक्षित फायदा.

जेथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने (बोटाच्या ठशाने किंवा पिनने) खाते उघडण्याची, सोय होती तेथे ती घेतली. पासकी ज्या स्थळासाठी तयार झाली त्याच पत्त्यावर चालते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट स्थळावर ती पुढेच येत नाही. डोळ्यांना जे फसवता येते ते तिला फसवता येत नाही, आणि आमच्या छंदात डोळे कसे फसतात हे मला सांगायला नको. बनावट होन पाहून अनुभवी माणसे चकलेली मी पाहिली आहेत.

संग्राहकाला फसवणे सोपे असते, आणि त्याचे कारण त्या रिकाम्या खणात आहे. ज्या नाण्याची दहा वर्षे वाट पाहिली, ते विक्रीला असल्याचा संदेश लिंकसह आला, की बोट पुढे सरकते आणि विचार मागून येतो. बिगरसंग्राहकांसाठी याची दुसरी बाजू वापरली जाते. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरच्या चित्राच्या नोटेला किंवा वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती सर्वांनी पाहिलेल्या असतात. त्यात आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असे मागितले जाते आणि पुष्कळदा रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरले जाते. जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांत आपण पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही आणि कोणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले होते. तरीही महिन्यातून एकदा तरी कोणी ओळखीचे ट्रॅक्टरच्या नोटेचा फोटो पाठवून विचारतेच. मी दोन गोष्टी सांगतो: ती नोट तुम्हाला कोणत्याही नाणेमेळ्यात फार थोड्या पैशांत मिळेल, आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा, कारण पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

माझे स्वतःचे काम मार्गी लागल्यावर सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडे गेलो. नोटांच्या सह्यांचा त्यांचा अभ्यास मोठा आहे. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे तर वित्तसचिवाची सही असते, हे मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवले होते. त्यांचेही त्या लिलावगृहात खाते होते. मी पासवर्डच्या तिजोरीविषयी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी कपाटातून दोरीने बांधलेली एक वही काढली.

‘‘काका, सगळे पासवर्ड वहीत?’’

‘‘मग? ही वही इंटरनेटवरून कोण चोरणार आहे ते सांग मला.’’

मी वही चाळली. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा होता, लांब होता आणि सुवाच्य अक्षरात होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था वाईट नाही, असे माझे मत झाले, आणि काही तरुण मित्रांचा रोष पत्करून मी ते येथे लिहितो. दूरवरचा चोर वहीपर्यंत पोचत नाही; घरात शिरलेला चोर पोचेल, पण त्याला वहीपेक्षा नोटांचे अल्बम आधी दिसतील. काका दर तीन महिन्यांनी सगळे पासवर्ड बदलत असत, तेवढे मात्र मी थांबवले. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, कारण तसे केल्याने लोक जुन्याच पासवर्डला शेपूट जोडत जातात. ‘‘म्हणजे एवढी वर्षे मी उगाच हात दुखवले,’’ असे म्हणून त्यांनी वही बांधून ठेवली आणि चहा टाकला. त्यांच्या ई-मेलला दुसरा टप्पा लावून, छापील संकेतांक त्याच वहीत न ठेवता त्यांच्या भाच्याकडे द्यायचे ठरवून मी निघालो.

खाती बंद करण्याचा भाग मला सर्वांत जड गेला, आणि तो तसा जाईल हे मला आधी सुचले नव्हते. एका बंद पडत आलेल्या स्थळावर माझ्या सुरुवातीच्या काळातल्या नाण्यांचे फोटो होते. कोणी ते पाहत नव्हते, मीही वर्षानुवर्षे पाहिले नव्हते, पण ‘खाते कायमचे हटवा’ या बटणावर बोट थबकले. कानेमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना एक साधा मग देण्यात आला त्यांनी तो विकायची किंमत, ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांच्या देऊ केलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट सांगितली होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या मगाची ही कथा, तर पंधरा वर्षांच्या खात्याचे काय? संग्राहकाचा हात सोडायला तयार नसतो. पण चांगला संग्राहक जादा प्रती काढूनही टाकतो, त्या देऊन दुसरे काही घेतो. पानावर एकाच टांकसाळीच्या एकाच सालाची सहा नाणी ठेवणाऱ्याला आमच्यात कोणी मान देत नाही. मी फोटो उतरवून घेतले, नोंदवहीला जोडले आणि खाते मिटवले. काही ठिकाणी हटवण्याचे बटणच नव्हते. तेथे लेखी विनंती केली. आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मान्य केलेला आहे, असे त्या पत्रात लिहिले. काहींनी उत्तर दिले, काहींनी नाही.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलीत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. नाण्याची अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून आम्ही मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, आणि मग ही नोंदही तिच्याबरोबर जशीच्या तशी जाते. बिंदूंच्या वलयाविषयी चर्चा करण्यासाठी समोरच्याला माझ्या घराचे स्थान कळण्याचे काही कारण नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद केले. अल्बममधले जुने फोटो अजून साफ करतो आहे.

लिलावगृहांकडे नव्याने नोंदणी करताना प्रत्येकाला वेगळा ई-मेल दिला. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्याच पेटीत येते; त्यामुळे प्रत्येक लिलावगृहाला त्याची खूण असलेला पत्ता देता येतो. खूण काढून टाकणे लबाडाला अवघड नाही, पण पुष्कळ जण तेवढी तसदी घेत नाहीत. नाण्यावरच्या टांकसाळीच्या चिन्हासारखे हे काम करते. अलीकडेच ‘दुर्मीळ होन, फक्त निवडक ग्राहकांसाठी’ असा एक भुलवणारा संदेश आला, तेव्हा तो कोणाला दिलेल्या पत्त्यावर आला आहे हे पाहून माहिती कोठून बाहेर पडली ते लगेच समजले. पार्सलसाठी घरच्या पत्त्याऐवजी कामाच्या ठिकाणचा पत्ता दिला, आणि जिंकलेल्या लॉटांची यादी माझ्याकडे उतरवून घेऊन जेथे शक्य होते तेथे ती लपवली.

शेवटी राहिला तो माझ्यामागचा प्रश्न. नाण्यांची नोंदवही पत्नीला आणि मुलीला ठाऊक आहे, लॉकरला वारसनोंद आहे. पण नोंदवहीची डिजिटल प्रत, तिचे फोटो आणि खरेदीच्या पावत्या ज्या खात्यात आहेत, त्यात दोघींना जाता येत नव्हते. मी ते जितके घट्ट बंद केले, तितका हा प्रश्न वाढत गेला. पावत्या महत्त्वाच्या, कारण शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि विकायची झाली तर ती कोठून आली हे दाखवता आले पाहिजे. गूगलच्या ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये तीन ते अठरा महिन्यांपैकी एक मुदत निवडता येते, तेवढा काळ खाते वापरलेच गेले नाही तर आपण ठरवलेल्या माणसांना आपण ठरवलेली माहिती मिळते. मी तेथे मुलीचे नाव घातले आणि तिला तसे सांगितले. ‘‘बाबा, म्हणजे ती सगळी पोतंभर नाणी मला सांभाळायची का?’’ हा तिचा पहिला प्रश्न होता. पोते नाही, अल्बम आहेत, ही दुरुस्ती मी केली. सांभाळायची की विकायची हे तिने ठरवायचे, फक्त नोंदवही न वाचता ठरवायचे नाही, एवढे आमच्यात ठरले आहे.

यादीतल्या काही खात्यांपुढे अजून लाल खूण आहे. ही ती ठिकाणे, जी एसएमएसखेरीज दुसरी पडताळणी देतच नाहीत. तेथे मला एवढेच करता आले की सिमला पिन लावला, म्हणजे चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालणार नाही. पिन लावण्याआधी कंपनीने दिलेला मूळ पिन कोणता हे विचारून घ्यावे लागते, कारण तीनदा चुकला की सिम अडते आणि ते उघडण्यासाठीचा पीयूके क्रमांक मागते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही तपासून घेतले. सगळ्या माझ्याच निघाल्या. ज्या लिलावगृहाच्या पत्रापासून हे सारे सुरू झाले, त्याच्याही नावापुढे लाल खूणच आहे. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी केव्हा सुरू करणार, असे मी त्यांना लिहून विचारले आहे. त्यांच्या पुढच्या लिलावात ‘सिव’ अक्षरांची एक सुबक शिवराई आहे, कॅटलॉगमध्ये तिचा फोटोही चांगला छापला आहे. उत्तर येईपर्यंत मी त्यांच्याकडे बोली लावणार नाही.